f(१००) म्हणजे कोणता वार?

सुराबाया,
२१ एप्रिल १९९३

ति. बापाक यांस,
वेनिंगचा सलाम, वि. वि.

मी बरी आहे. बुलिक मावशीचा गुडघा दुखतो, पण तोंड छान चालतं. म्हणते, गणितानं या पोरीला तेम्पेच्या वडीपेक्षा कडक तळलंय. खरंच आहे. f(३) दिसलं की मी f ला तीनने गुणत होते. हार्दोनो सर म्हणाले, अगं बाई, गुणतेस काय? f हा नियम आहे. कंसातला आकडा त्याला द्यायचा आणि काय मिळतं ते बघायचं.

म्हणून मी स्वतःचा एक नियम केला. f(n) म्हणजे आई, आपली इबू, गेल्यापासूनचा n वा दिवस. गेल्याचा दिवसच पहिला धरतात, म्हणून n मधून एक वजा करायचा आणि तेवढे दिवस पुढे जायचं. f(१) मंगळवार, २ फेब्रुवारी. मग f(१००) बुधवार, १२ मे. म्हणजे रीतीप्रमाणे शंभराव्याची प्रार्थना आणि जेवण आदल्या संध्याकाळी, मंगळवारी. तुम्ही तर बुधवारची संध्याकाळ कळवलीत. f(४०) पण काढून पाहिलं. चाळिसाव्यालाही आपण प्रार्थनेला एक दिवस उशिरा बसलो होतो. बापाक, एक वजा करायचा राहिला का?

बुधवारी सकाळी माझी परीक्षा आहे. मंगळवार असेल तर मला येता येणार नाही, आणि इबूचा शंभरावा पुन्हा येणार नाही. माझंच चुकलेलं असू दे. लवकर कळवा.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नका.
वेनिंग


क्लातेन,
२७ एप्रिल १९९३

चि. वेनिंग हिला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझा नियम मी कागदावर करून पाहिला. त्यात चूक नाही. मशिदीतल्या, प्रार्थना सांगणाऱ्या मोदिनना दाखवला. ते म्हणाले, आम्ही बोटांवर मोजतो, त्याला तुमच्या पोरीनं कंस घातले!

चूक f(१) मध्ये आहे. बुलिकला फोनवर मीच मंगळवार म्हणालो. पण इबू गेली ती मगरिबच्या बांगेनंतर. सूर्य बुडाला होता, म्हणजे आपला बुधवार लागला होता. f(१) बुधवार, ३ फेब्रुवारी धर. f(१००) गुरुवार येतो, आणि बसायचं बुधवारी संध्याकाळीच. परीक्षा दे आणि दुपारची गाडी धर. उशीर झाला तर थांबा, असं मी मोदिनना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, गणितवाली आल्याशिवाय तांदळाच्या आपेमला कुणी हात लावणार नाही.

इबू गेल्याची वेळ मोदिनशिवाय कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी तिचा ताप उतरला होता. बांग झाली तेव्हा तीच म्हणाली, जा, नमाज चुकवू नका. मी गेलो. परत आलो तोवर ती गेली होती. मी जवळ नव्हतो, वेनिंग. तू फक्त वार विचारलास, म्हणून एवढं लिहिता आलं. आल्यावर आणखी काही विचारावंसं वाटलं तर विचार.

बुलिकला सलाम सांग. आमच्यावर जीव असू दे.
बापाक