बल्लारशाचा समुद्र

लकडगंज, नागपूर
१२ जानेवारी २०२५

चि. हर्षाला आणि साजीरावांना अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. थंडी चांगली पडली आहे. संत्र्याची बर्फी पाठवते आहे, तिच्याच डब्यात ही चिठ्ठी. फोनवर मोकळं बोलता येत नाही. तुझे बाबा आजकाल माझ्या अवतीभवतीच असतात.

सागवान पाहायला बल्लारशाला जातो म्हणून निघाले, आणि तिसऱ्या दिवशी तुझा फोन! "आई, नागपूरहून आलेल्या माझ्या टूरमध्ये बाबा आहेत!" तू हसत होतीस की रडत, मला कळेना. तू केरळी मुलाशी लग्न केल्यापासून चार वर्षं या माणसानं तुझं नाव घेतलं नाही, आणि कोचीच्या उकाड्यात तोंडाला मफलर गुंडाळून, गाइड म्हणून पुढं चालणाऱ्या तुझ्यामागं हिंडत होता. तू काका म्हणायचीस, ते मॅडम.

घरी आले ते बल्लारशाचं अवाक्षर नाही. आपल्या लाकडाच्या टालावर शेजारच्या नत्थूजींना सांगत बसले, "तिथं एक राजवाडा आहे. बांधला पोर्तुगीजाईनं, राहिला राजा, अन् नाव पडलं डच पॅलेस!" मग ज्यूंच्या प्रार्थनाघरातल्या चिनी फरश्या, एकीसारखी दुसरी नाही. वास्को द गामाला आधी तिथल्या चर्चमध्ये पुरलं होतं, ते. मासे धरायच्या चिनी जाळ्याचा दोर यांनी स्वतः ओढला, तेही.

मी चहा घेऊन गेले होते. म्हटलं, "काहून जी, बल्लारशाले समुद्र केव्हा आला?"

नत्थूजी हसून हसून खोकायला लागले. बाबा मात्र कपाकडे पाहत म्हणाले, "अरब आले, ज्यू आले, गुजराती आले. सगळे तिथलेच होऊन गेले."

रात्री जेवताना आपणहून बोलले. "तिथं एक गाइड पोरगी होती. सगळ्या टूरले एकटी सांभाळून राहिली होती. कोणी काही विचारो, उत्तर तयार."

"कोणाची पोरगी?"

घास हातातच राहिला. "आपली," म्हणाले. "पण तिनं मले ओळखलं नाही."

तू ओळखलं होतंस, हे मी सांगितलं नाही. ते तुझं तू सांग.

खरी बातमी राहिलीच. मोठ्यानं म्हटली तर नजर लागेल असं वाटतं, म्हणून एवढं पान भरलं. होळी झाली की आम्ही दोघं तुझ्याकडे येतो आहोत. तिकिटं त्यांनीच काढली. जावयाचं नाव पाठ करणं चाललं आहे. "साजी, सावजी... राहीन लक्षात," म्हणतात.

लेकीच्या हातचा चहा प्यायला आतुर,
तुझी आई

हर्षा,
डबा बांधाले मीच बसलो, म्हणून चिठ्ठी हाती लागली. ओळखलं होतं तं दिवसभर काका काहून म्हटलं वं? या खेपेले सगळं पुन्हा दाखव. पण बाबा म्हणून.
तुझा बाबा