कुलपातला आवाज

रिफा (बहारीन), मंगळवार, मार्च १९८४

म्हणे टेप बाहेर देत नाहीत. माणूस माझा, आवाज त्याचा आणि कुलूप मॅडमच्या अमेरिकेतल्या सेंटरचं. मी ज्यांच्याकडे स्वयंपाकाला आहे ते साहेब आज चहा पिता पिता म्हणाले, "कमलबाई, रूल आहे. टेप फक्त अभ्यासवाल्यांना." मी तिसरी पास, मी कसला अभ्यास करणार? मला नुसतं ऐकायचंय.

साहेबांच्या मॅडम मूळच्या मेक्सिकोकडच्या. अमेरिकेत त्यांच्या लोकांनी सेंटर काढलंय, मजुरीला आलेल्या आपल्या माणसांचं बोलणं तिथं जपतात. मॅडमचे आजोबा शेतात राबायचे, त्यांचाही आवाज आहे. चांगलंच केलं. आमचं कोण जपतंय? त्यांच्याशी ताडून बघायला म्हणून मॅडमनी इथं मजुरीला आलेल्या माझ्या नवऱ्याला बोलतं केलं. ह्याच किचनमध्ये तासभर बोलले, मध्येच खोकले. मग मॅडम टेप घेऊन अमेरिकेला गेल्या.

गेल्या शिमग्यात हे वारले. आमच्याकडे कॅसेट एकच. हे बोलून गावी पाठवायचे, सासूबाई त्याच्यावरच उत्तर भरून परत धाडायच्या. ह्यांचं शेवटचं बोलणं असंच पुसलं. त्या जागी म्हातारी विचारते, "बाबू, वेळेवर जेवतोस ना?" दोन्ही बाजू लावून बघितल्या. खोकलासुद्धा उरला नाही.

सोमवारी मी वर्षश्राद्धाला गावी निघते. सासूबाईंपुढे रिकाम्या हातानं कशी बसू? साहेबांना तोंडावर सांगितलं, मॅडमना फोन लावा. सगळी टेप नको तर खोकल्यापुरती द्या. पण शनिवारपर्यंत हो की नाही सांगा. नुसतं इंशाल्ला नको.