दादा सापडला

तीर्थस्वरूप वहिनींच्या पायाशी धाकट्या दिराचा नमस्कार.

माझी तब्येत ठीक आहे. पाण्याखाली जाणाऱ्या पाहुण्यांच्या सिलिंडरात हवा भरायचं काम झेपतं. आईचा खोकला कमी झाला का?

वहिनी, दादा सापडला. प्रवाळ बघून झालं की पाहुणे दादाच्या बुडालेल्या जहाजात शिरतात. म्हणून तर मी ही नोकरी धरली. काल एकाने हसत फोटो दाखवला. इंजिनाच्या खोलीत सांगाडा, डोक्यावर कुणा पाहुण्याने घातलेली रंगीत टोपी. दादाचा पुढचा दात लहानपणी माझ्याच दगडाने अर्धा तुटला होता. तो मी ओळखला.

मालकाला म्हटलं, "त्या माणसाला वर काढू, अग्नी देऊ."

तो हसला. "अहो मामा, त्याच्यामुळे तर आपली होडी भरते! तो गेल्यावर लोक काय नुसते मासे बघतील?"

नातं सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्याने पाहुण्यांना तेही रंगवून सांगितलं असतं. मी रोज देवाचं नाव घेऊन हवा भरतो, आणि त्याच हवेवर माणसं दादाला टोपी घालायला जातात.

आईला कळू देऊ नका. तुम्ही मात्र आता त्याची वाट बघू नका.

तुमचा,
भावजी