विमाने, घर आणि तानुबाईचा उजवा हात

मी, आश्रुबा ग्यानबा शिंगाडे, वय सदुसष्ट, पूर्वीचा धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, राहणार पालम, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना करून ठेवत आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या अंगावरून वारे गेले. उजवा हात आणि पाय निकामी झाले, जीभ जड पडली; परक्या माणसाला माझे बोलणे उमगत नाही. समज मात्र शाबूत आहे. हा मजकूर मी स्वतः डाव्या हाताने मोबाइलवर टाइप केला असून डॉ. सुकेशनी वाघमारे यांचा दाखला सोबत जोडला आहे. एवढे खुलाशाने लिहितो, कारण मला दवाखान्यातून घरी आणले त्या दिवशी माझा मुलगा हरिओम खाटेपाशी उभा राहून म्हणाला होता, "माय, बाबाला आता काय कळायलंय?" मला सगळे कळत होते. तसे सांगता येत नव्हते, एवढेच.

१. पालम येथील राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते मी माझी पत्नी तानुबाई हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. ठेवणे, विकणे तिच्या मर्जीवर. एकटी कशी राहणार म्हणून तिला पुण्याला हरिओमकडे नेण्याची घाई कोणी करू नये. ती स्वतः म्हणाली तर गोष्ट वेगळी.

२. बँकेतील ठेव तिचीच. तिच्या माघारी उरेल ते हरिओमचे. दुकानाचा गाळा मात्र आजपासूनच त्याचा समजावा. गावाबाहेरील खडकाळ माळही त्याचा. मात्र तानुबाई हयात असेपर्यंत तिथे तारेचे कुंपण घालू नये. माझा भाऊ रामहरी तिथे मेंढ्या चारतो, त्यालाही अडवू नये.

३. दुकानातील हत्यारे राणीसावरगावच्या मुंजाजी कदम यास द्यावीत. रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचा नाद आम्हा दोघांना एकदमच लागला. त्या काळी हातातल्या ट्रान्समीटरमध्ये चॅनल ठरवणारा क्रिस्टल असे. दोघांचा चॅनल एकच असला, तर एकाचे विमान हवेत असताना दुसऱ्याने आपला ट्रान्समीटर चालू करायचा नसतो; हवेतले विमान ताब्यातून जाते. मुंजाजीने केला. माझे पहिले हेलिकॉप्टर रामहरीच्या मेंढ्यांत जाऊन पडले. मुंजाजी अजून म्हणतो, "मी न्हाई, वाऱ्यानं पडलं." वारा नव्हता. आम्ही कित्येक वर्षे बोललो नाही. तरी हत्यारे त्यालाच, कारण त्यांना गंज चढू देणार नाही असा दुसरा माणूस मला ठाऊक नाही.

४. आता विमाने. मोठे हेलिकॉप्टर मी आजारी असताना हरिओमने विकले. ते डोळ्यांसमोर राहिले तर बाबा झुरेल, असे त्याला वाटले. माझा त्याच्यावर राग होता. पण नेताना त्याने एकेक पाते माझ्या जुन्या धोतरात गुंडाळले होते, ते मी खाटेवरून पाहिले. राग गेला आहे, हे त्याने इथे वाचावे.

मागे राहिले थर्माकोलचे शिकाऊ विमान. ते कोणी घेईना. तानुबाईने या छंदाला आयुष्यभर सवत म्हटले. मी मात्र भिंतीकडे तोंड करून पडू लागलो, जेवण टाळू लागलो, तेव्हा एका सकाळी तिनेच ते फळीवरून काढले आणि रामहरीच्या मोटारसायकलवर मला मध्ये बसवून माळावर नेले. ट्रान्समीटरला दोन दांड्या असतात. डावीने मोटारीचा जोर आणि शेपटी, उजवीने नाक आणि पंख. दोन्ही हात लागतात. ती माझ्या उजव्या अंगाला खेटून बसली आणि म्हणाली, "डाव्या हाताचं तुमी बघा, उजव्याचं मी बघते. निस्तं सांगा कसं करायचं."

सांगणार कसे? मी डाव्या पायाने जमिनीवर थाप मारली की तिने नाक वर घ्यायचे, असे ठरले. पहिल्या दिवशी विमान नाकावर आपटले, मेंढ्या उधळल्या, रामहरी शिव्या देत पळाला. ती हसत होती. मीही हसलो; आजारपणानंतर पहिल्यांदा. "मोडलं तर मोडलं, चिकटवू," ती म्हणाली. चिकटवले. पुढे महिनाभरात आम्ही दोघे मिळून ते उडवू आणि उतरवू लागलो.

गेल्या दिवाळीनंतर विमान हवेत असताना माझा डावा हातही एकाएकी बधिर झाला. मोटार पूर्ण जोरात, विमान लिंबाच्या झाडाकडे निघालेले, आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना. तानुबाईने माझी बोटे दांडीवरून सोडवली, ट्रान्समीटर स्वतःच्या मांडीवर घेतला आणि दोन्ही दांड्या धरल्या. विमान झाडाअलीकडे वळले. जोर कमी करत तिने ते माळावर टेकवले. मग त्याच्याकडे न बघता माझा हात चोळू लागली. "माझ्याकडं बघा. मी दिसायले का तुमाला?"

हात तासाभरात परत आला. दवाखान्यातून येताना जीपमध्ये तिने माझा डावा हात धरून ठेवला होता. मग हळूच म्हणाली, "एकटीनं उतरवलं मी. तुमी बघितलं का न्हाई?"

"बघितलं," मी म्हणालो. शब्द तिला कळला. त्या रात्रीच मी हे लिहायला घेतले.

५. शिकाऊ विमान, ट्रान्समीटर व बॅटऱ्या तानुबाईस देत आहे. बॅटरी घरात कोणी नसताना चार्जिंगला लावू नये. उडवताना आधी ट्रान्समीटर चालू करावा, मग विमान. बंद करताना आधी विमान. हे तिला माहीत आहे, हरिओमसाठी लिहिले.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी हरिओमनेच करावी. माझा त्याच्यावर भरवसा आहे. माझ्यामागे तानुबाईला उडवावेसे वाटले नाही, तर कोणी आग्रह करू नये. वाटले, तर हरिओमने सुट्टी काढून यावे, माळावर तिच्या शेजारी बसावे आणि आपले हात खिशात ठेवावेत.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, बरोबर आहे. खालील दोघांसमक्ष डाव्या हाताने सही केली. वाकडी आहे, पण माझीच आहे.

आश्रुबा ग्यानबा शिंगाडे

साक्षीदार :
१. डॉ. सुकेशनी वाघमारे, पालम
२. रामहरी ग्यानबा शिंगाडे, पालम

ठिकाण : पालम, जि. परभणी
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५