गिअरबॉक्स आता शांत आहे

शनिवार, ७ जून १९८६
बोट अखेर पाण्यात. स्केनेक्टडीत स्वतःची बोट असलेला पहिला मराठी माणूस बहुधा मीच. जुनी आहे, लोखंडी आहे, पण डिझेल इंजिन दणकट. चार जुलैला, इथल्या स्वातंत्र्यदिनी, अण्णांना ईरी कॅनालची सफर घडवणार. अण्णा म्हणजे माझे सासरे, शरयूचे वडील. सांगलीचे रिटायर्ड हेडमास्तर, अमेरिकेत पहिल्यांदाच आलेत. पोहता येत नाही. शरयूलाही येत नाही. मला कॉलेजात येत होतं.
इंजिन सुरू केलं. फर्स्ट क्लास. गिअर टाकला, तर खालून खडखड. डब्यात खिळे घालून हलवावेत तशी. शरयूने विचारलं, हा कसला आवाज? म्हटलं, नवीन बोट आहे, रुळायला वेळ लागतो. ती म्हणाली, नवीन? मी दोर गुंडाळायला घेतला.

रविवार, ८ जून
निदान झालं. तळाची फळी सैल होती. टर्बाइनच्या व्हायब्रेशनवर उगाच नाही इतकी वर्षं काढली. स्क्रू आवळले. आता फळी वाजत नाही, त्यामुळे मूळ आवाज जास्त स्वच्छ ऐकू येतो. ही प्रगतीच म्हणायची.

बुधवार, ११ जून
लंचला नंदूला सहज सांगितलं. नंदू माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसतो. पुण्याचा, त्यामुळे सल्ला मागावा लागत नाही. म्हणाला, "गिअरमध्ये टाकल्यावरच खडखडतंय ना? मग गिअरबॉक्स उघडून बघ, यार." लोकांना सगळं उघडायची घाई असते. माझ्या मते इंजिन आणि पाण्यातल्या पंख्याचा दांडा एका रेषेत नाहीत. उघडायची गरज नाही.
संकल्प: यापुढे नंदूला काही सांगायचं नाही.

शनिवार, १४ जून
दिवसभर फळीखाली पालथा. इंजिन रेषेत आणलं. शरयूने टॉर्च धरला. मध्ये मध्ये "झालं का?" विचारत होती, त्यामुळे एक नट बिल्जमध्ये, म्हणजे तळाशी साचलेल्या पाण्यात पडला.
रिझल्ट: खडखड साफ गेली. आता गुरगुर आहे. चावायचं की नाही हे कुत्र्याचं अजून ठरलेलं नसतं, तेव्हा ते करतं तशी. शरयू म्हणाली, आधीचा आवाज बरा होता. तिला टेक्निकल बॅकग्राउंड नाही.

रविवार, २२ जून
गिअरबॉक्सचं ऑइल तपासलं. रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा. नंदूला सांगितलं नव्हतं. शरयूने फोनवर सांगितलं. त्याचं म्हणणं, ऑइलमध्ये पाणी शिरतंय, एक दिवसही चालवू नकोस. बोट पाण्यात असते. थोडं पाणी लागणारच. ऑइल बदललं. जुन्या ऑइलमध्ये धातूची बारीक चमचम होती. उन्हात छान दिसत होती.
संध्याकाळी तिघं लॉकपर्यंत जाऊन आलो. लॉक म्हणजे बोटींची लिफ्ट: आत शिरायचं, दार बंद, पाणी खाली, बोट खाली. लॉकला लागूनच बंधारा आहे. कॅनाल इथे नदीतूनच जातो; उरलेली सगळी नदी त्याच्यावरून पडते. त्याचा घुमणारा आवाज पोटात ऐकू येतो. आम्ही बघत असताना एक अख्खं झाड मुळांसकट वाहत आलं. बंधाऱ्याच्या काठाशी थबकलं, स्वतःभोवती एकदा फिरलं आणि गेलं. खाली काही वर आलं नाही. अण्णांनी हात जोडले.
शरयूने विचारलं, इथे इंजिन बंद पडलं तर? म्हटलं, पडणार नाही. कशावरून? म्हटलं, अनुभव. ती म्हणाली, बोटीचा अनुभव पंधरवड्याचा आहे.

शनिवार, २८ जून
गुरगुर वाढली. केबिनमधले कप आपोआप फळीच्या टोकापर्यंत चालत येतात. एक गेला. लांब स्क्रूड्रायव्हर गिअरबॉक्सला टेकवून दांड्याला कान लावला. डॉक्टर छाती तपासतात तसं. आत कोणीतरी दबक्या आवाजात बोलत असल्यासारखं वाटलं. थकवा.
शरयू म्हणाली, सफर कॅन्सल करा, अण्णांना बसने नायगारा दाखवू. म्हटलं, माझी गॅरंटी आहे. त्यावर ती काहीच बोलली नाही. जेवतानाही नाही. पटलेलं दिसतंय.

गुरुवार, ३ जुलै
सापडलं! नागपूरला कॉलेजात असताना राजाराम नावाचा एक मित्र होता. त्याने जुनी जीप विकण्यापूर्वी गिअरबॉक्समध्ये केळी कोंबली होती. गिऱ्हाइकाला आवाज म्हणून आला नाही. पुढे त्या जीपचं काय झालं ते राजारामने सांगितलं नव्हतं, म्हणजे चाललीच असणार.
ऑफिसातून हाफ डे. केळी कुस्करून ऑइलच्या भोकातून नीट आत. इंजिन सुरू, गिअर टाकला, आणि काहीही नाही. खडखड नाही, गुरगुर नाही. शरयूला मुद्दाम धक्क्यावर आणून ऐकवलं. ती म्हणाली, काय केलंत? म्हटलं, ट्रेड सीक्रेट.
अण्णांना रात्री जेवणानंतर केळं लागतं. आज नव्हतं. त्यांनी सफरचंद खाल्लं. मोठा माणूस.

शुक्रवार, ४ जुलै
सकाळी. निघतोय. काल रात्रभर पाऊस झाला. नदी चढली आहे, मातकट झाली आहे. बदकं दिसत नाहीत, सुट्टीची गर्दी नको वाटत असेल. आवाज शून्य.

संध्याकाळी. काही बाबी नोंदवून ठेवतो.
लॉकचा दिवा लाल होता, म्हणून थांबायला रिव्हर्स टाकला. बोट थांबली नाही. पुढचा गिअर टाकला. तेही नाही. इंजिन मस्त चालू होतं, पण पंखा फिरेना. गिअरबॉक्समध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. इंजिनाच्या वरताण बंधारा तेवढा ऐकू येत होता. बोट हळूहळू प्रवाहाला आडवी झाली.
अण्णांनी विचारलं, "दिगंबरराव, आपण लॉककडेच चाललोय ना?"
म्हटलं, "हो. जरा बाजूने."
मी फळी काढून खाली उतरलो आणि स्क्रूड्रायव्हर लावला, कारण निदानाशिवाय उपाय नसतो. वर साखळी ओढल्याचा आवाज आला. शरयूने नांगर फरफटत आणून टाकला होता. आधी तो लागला नाही, तळाशी नुसता घासत राहिला. अण्णा देवाचं नाव घेत होते. मग कशात तरी अडकला. बोटीने इतक्या जोरात हिसका दिला की अण्णा पडले आणि त्यांचं मनगट दुखावलं. मी वर आलो, तर बंधाऱ्यापुढची, धोक्याच्या इशाऱ्याची नारिंगी पिंपं आमच्या मागे होती. आमच्या पुढे काही नव्हतं. तिथे नदी संपत होती.
लॉकवाल्यांनी त्यांच्या बोटीने ओढून नेलं. शरयूच्या तळहातांची सालं निघाली आहेत. तिने फटाके बघितले नाहीत. मीही नाही.

रविवार, ६ जुलै
शांतपणे विचार केला. मुख्य कारण पाऊस. दुसरं कारण लॉकचा लाल दिवा.
दुपारी नंदूकडे सगळे जमले होते. अण्णांनी हाताला बँडेज बांधून हकीकत सांगितली. शाळेत सांगत असतील तशी, खुलवून. "आमची शरयू नांगर ओढतेय, आणि जावई तळघरात नाडी बघतायत!" लोक पोट धरधरून हसले. मीही हसलो. शरयू हसली नाही.
परतताना गाडीत म्हणाली, "मी तुम्हाला हाका मारत होते. ऐकल्यात?"
म्हटलं, "अर्थात ऐकल्या."
"तुम्ही म्हणालात, शूऽऽ, मला ऐकू दे."
तसं म्हटल्याचं मला आठवत नाही. पण कॉन्सन्ट्रेशन लागतं.
संकल्प: पहिल्या हाकेला ओ द्यायची.

शनिवार, १२ जुलै
बोटयार्डात गिअरबॉक्स उघडला. ऑइलच्या जाळीत काळा लगदा गच्च बसला होता, त्यामुळे आतलं प्रेशर गेलं आणि गिअर लागेना. त्याखाली दाते झिजलेले, गंज, पाणी. तिथल्या माणसाने विचारलं, हा लगदा कसला? म्हटलं, ऑरगॅनिक ॲडिटिव्ह.
शरयू केबिनमधला कुकर घ्यायला आली होती. तिने बोटावर थोडं घेऊन वास घेतला.
"अण्णांची केळी," ती म्हणाली.
मी म्हटलं, आवाज गेला होता की नाही? तिने हात पुसला आणि कुकर उचलला.
घरी आल्यावर समजलं की अण्णा दसऱ्यापर्यंत राहणार होते, ते पुढच्या शनिवारीच निघतायत. शरयू त्यांना सोडायला सांगलीपर्यंत जाणार. मनगटामुळे त्यांना सामान उचलवत नाही, म्हणून. तिचं तिकीट वन-वे आहे. परतीचं तिकडून स्वस्त मिळत असेल.
लोणच्याची बरणी, माझे इस्त्रीचे शर्ट, फोन नंबर, सगळं नीट लावून ठेवलंय. फार व्यवस्थित आहे ती.

शनिवार, १९ जुलै
दुपारी दोघांना ऑल्बनी एअरपोर्टला सोडायला निघालो. गाडीत अण्णा मागे, शरयू शेजारी. हायवेला लागल्यावर मागच्या चाकातून घर्र घर्र ऐकू आलं. बारीकच. मी काही बोलणार तेवढ्यात शरयूने विचारलं, "हा कसला आवाज?"
म्हटलं, "रस्त्याचा."
"गाडी थांबवा."
"अगं, काँक्रीटचा रस्ता आहे, असा आवाज येतोच."
"थांबवा. आत्ता."
गॅस स्टेशनवर थांबवली. तिने फोन लावला. नंदू वीस मिनिटांत आला, म्हणजे घरातून तयारच असावा. बॅगा त्याच्या गाडीत गेल्या. अण्णांनी बँडेजचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. म्हणाले, "दिगंबरराव, जपून." मी शरयूला सांगितलं, तू परत येईपर्यंत बोट आणि गाडी दोन्ही टॉप कंडिशनमध्ये असतील. ती मग म्हणाली, "जेवत जा वेळेवर." आणि नंदूला म्हणाली, "चला भाऊजी, उशीर होतोय."
मी तिथेच उभा राहून हात हलवला. मग चाकाला कान लावून बघितला. काही नाही. रस्त्याचाच.
परत येताना तर आवाज अजिबात आला नाही. गाडी टो ट्रकवर होती.