खंडेनवमीची बोटं

नान्ना, तुमच्या पट्ट्या विकल्या. आधी हेच सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्द्यावर यायचीच नाही. माळ्यावरची सगळी खोकी गेली. सरळ पट्ट्या गेल्या, वळणं गेली, तो उंटाच्या पाठीसारखा पूल गेला, आणि जिथं दोन गाड्या एकमेकींची वाट कापायच्या ती फुलीही गेली. पुढच्या महिन्यात घरही रिकामं करायचंय. मी पुण्याला लेकाकडं चालले. त्यानं फोनवर स्पष्टच सांगितलं, "मम्मी, तू ये, पण आजोबांचा तो पसारा आणू नको. इथं चपला ठेवायला जागा नाही." खोटं नाही बोलला तो, मी पाहिलंय त्याचं घर.

तुम्ही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांचे जॉबर. माग बिघडला की तुमच्या नावानं हाका. मालकानं परदेशातून पोरासाठी मोटारींचा खेळ आणला होता. पोरानं तो चार दिवसांत टाकला आणि मालकानं तो तुमच्या सायकलच्या कॅरिअरला बांधून दिला. काळ्या पट्ट्या, मधोमध खाच, खाचेच्या दोन्ही अंगांना करंटच्या तारा. बटण दाबलं की बोटाएवढी गाडी खाचेतून सुसाट सुटायची. झालं, तुम्हाला वेडच लागलं. जुन्या बाजारातून आणा, सुताच्या एजंटाला सांगून मुंबईहून मागवा, असं करत करत माळा भरला. अम्मा म्हणायची, "लोकांचे नवरे दारूला लागतात, माझा पट्ट्यांना लागला." रविवारी पुढच्या खोलीत तुमचा रस्ता मांडलेला असला की स्वयंपाकघरात जायला आम्हाला भिंतीला चिकटून जावं लागे. पाहुणा आला तर त्यालाही तसंच. वर तुम्ही त्याला ओरडणार, "बगून पाय टाका की!"

आणि खंडेनवमी. ती तर अजून डोळ्यासमोर आहे. कारखान्यातले माग पुजून तुम्ही दुपारी घरी येता, हातात उरलेल्या कुंकवाची वाटी. कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही म्हणून तुम्ही ते मागाच्या तेलात कालवलेलं असतं, सगळ्या घराला त्या तेलाचा वास. रस्ता मांडून होतो. अम्मा कपाळावर हात मारते, "खेळण्याची पूजा! कुणी ऐकलं तर हसतील." अम्माशी तुम्ही तेलुगूत बोलता, पण माझ्याशी हट्टानं मराठी, तुमची ती कारखान्यातली मराठी. "ह्ये बी यंत्रच की. वर्सभर पळतंय बिचारं, त्याला का वगळायचं?" मग तुम्ही माझं करंगळीजवळचं बोट धरता, वाटीत बुडवता आणि पट्टीच्या कोपऱ्यात टेकवता. शेजारी तुमचं बोट. पुढची पट्टी, पुन्हा माझं, पुन्हा तुमचं. "लई दाबू नको. तारंला लागलं तर गाडी थांबंल." दर वर्षी तसंच. माझं लग्न झालं तरी दसऱ्याला माहेरी आले की वाटी पुढं यायचीच. तेलातलं कुंकू प्लास्टिकमध्ये मुरतं, कधीच जात नाही, हे तुमच्या ध्यानात कसं आलं नाही हो? की आलं होतं?

शेवटच्या दुखण्यात तुम्ही दुसरं काहीच मागितलं नाही. खाटेवरून माळ्याकडं बघत म्हणालात, "इकायचं झालं तर एकत्र इक. जोडलेलं हाय तवर रस्ता. सुटं केलं की निस्तं भंगार." मी "व्हय" म्हटलं. शुद्धीवर होतात, तुम्ही ऐकलंत ते.

गिऱ्हाईक पुण्याहून आलं. तरुण, गोड बोलणारा, तान्हं पोर घ्यावं तशा पट्ट्या हातात घेणारा. मला वाटलं, चला, नान्नांच्या जातीचा माणूस मिळाला. "ताई, अशी फुली मी आजवर फक्त फोटोत पाहिलीय," म्हणाला. मग पट्टी उजेडात धरली आणि तोंड वाकडं केलं. "हे लाल काय आहे?" मी पूजेचं सांगितलं. तो हसला नाही, तेवढं बरं. "असे डाग असले की घेणारे नाकं मुरडतात हो. डाग निघाले तर सगळं घेतो. नाहीतर मी माझं निवडून घेतो, बाकीचं तुम्ही बघा." मी विचारलं, "सगळं घेतलंत तर एकत्र ठेवाल ना?" "अहो ताई, म्हणजे काय! तोडायला का घेतोय?"

मग आठवडाभर मी घासत बसले. आधी साबण, मग रॉकेल, मग त्यानंच सांगितलेलं काहीतरी औषध. हाताची सालं निघाली. तुमचं बोट रुंद, एका बाजूला कापलेलं, मागावर धावणाऱ्या धोट्यानं कापलं होतं ना, तो व्रण कुंकवातही उमटलेला. ते पुसताना मी मोठ्यानं बोलत होते, वेड्यासारखी. तुमचाच शब्द राखायला तुमचीच बोटं पुसतेय, हा काय न्याय झाला? सांगा ना. तळाच्या खोक्यातल्या पट्ट्यांवर माझी अगदी लहानपणची बोटं निघाली, डाळीच्या दाण्याएवढी. तीही पुसली. एखादी मागं ठेवावी असं मनात आलं, पण ठेवली असती तर रस्ता तिथंच तुटला असता. तो येऊन सगळं घेऊन गेला. "एकदम नव्यासारखं केलंत," म्हणाला.

परवा लेकानं मोबाइलवर काहीतरी पाठवलं, "मम्मी, हा तोच माणूस ना?" तोच. पट्ट्यांचे फोटो, एकेकीचा वेगळा. वळण वेगळं, पूल वेगळा, हवं ते सुटं घ्या. खाली लिहिलेलं, एकही डाग नाही. मी त्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, आजकाल अख्खा सेट कोण मांडतं? जागा कुठाय कुणाकडं?" मी फोन ठेवला. माझ्याकडं तरी कुठं होती?

हे पत्र टाकायला पेटी नाही. भांडी गुंडाळायला कागद कमी पडतायत, त्यांत जाईल कदाचित. पण एक सांगायचं राहिलं. त्याच्याकडं दुसऱ्यांच्याही पट्ट्या आहेत, सगळ्या काळ्या, सगळ्या चकचकीत. मी फोटो मोठे करकरून पाहिले, नान्ना, पुन्हा पुन्हा पाहिले. त्यातल्या आपल्या कुठल्या, ते मला ओळखता आलं नाही.