मंगळघराचा न हललेला काटा

११ एप्रिल
चाचणीच्या अहवालाच्या शेवटच्या पानावर माझं नाव टाईप झालं. 'तपासणी केली', आणि पुढे सहीची जागा. आईला फोटो दाखवला. घरातली पहिली ग्रॅज्युएट, आता पहिली सही.
सरांनी, म्हणजे माझ्या साहेबांनी, उमेदीची वर्षं रॉकेटच्या टाक्या बनवण्यात घालवली. खोट्या चाचणीवर सही करायला नकार दिला, नोकरी सोडली. तेव्हापासून एकच विषय : माणसाने मंगळावर वस्ती करायला हवी. कॉलेजात त्यांचं भाषण ऐकलं. त्या सहीच्या गोष्टीसाठीच मी आनंदनगरच्या या पत्र्याच्या गाळ्यात नोकरीला आले.

१२ एप्रिल
मंगळघरात, म्हणजे आमच्या लोखंडी खोलीत, सकाळी हवा भरून दार बंद केलं. चार दिवस तसंच. दाबाच्या मीटरचा काटा खाली आला तर गळती. पास झालं तर हेच घर उंच डोंगरावर, विरळ हवेत जाणार. आत चार माणसं राहणार.
सकाळ-दुपार-संध्याकाळ रीडिंग दिलीपकाका घेतील. ऑपरेटर. आमच्याच वस्तीतले, कॅम्प चारचे, पप्पांचे दोस्त. इथे नोकरी आहे हे त्यांनीच सांगितलं होतं.
शेजारच्या सिंधी आंटी : "बेटा, उधर फ्लॅट की रजिस्ट्री होती है क्या?"
पप्पा : "सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगीत पाणी चढत नाय. हे माणूस चढवणार मंगळावर."

१४ एप्रिल
जयंती. गाळा बंद. दिलीपकाका निळा फेटा बांधून सकाळपासून ढोलापुढे. दुपारी आमच्याकडे जेवले, संध्याकाळी परत नाच. मीपण नाचले. पाय दुखतायत.

१६ एप्रिल
चाचणी पास. सरांनी पेढे आणले. अहवाल वीसच्या सकाळपर्यंत सही करून हवा. त्याच दिवशी घर बघायला पाहुणे येणार.
रजिस्टर बघितलं. चार दिवस एकच आकडा.
दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही. बंद हवा तापली की काटा चढणार, पहाटे उतरणार. गळती नसली तरी. अजिबात न हलणारा काटा म्हणजे एकतर बिघडलेला, नाहीतर कोणी पाहिलेलाच नाही.
मग १४ तारीख दिसली. दुपारचं रीडिंग, काकांच्या अक्षरात. त्या वेळी काका आमच्याकडे दुसऱ्यांदा भात वाढून घेत होते.

१७ एप्रिल
काकांना बाजूला घेऊन विचारलं. हसले.
"बाळा, कंपनीत असंच असतं. पहिल्या दिवशीच पान भरून टाकायचं. आकडे सरळ दिसले की साहेब खूश."
"सरांना माहितीये?"
"तू विचार ना. तू शिकलेली."
पप्पांची सगळी नोकरी केमिकल कंपनीत. त्यांना विचारलं. टीव्ही बंद केला. मग, "दिलीपचं नाव काढू नको." म्हणजे पप्पापण...
पण सर? टाक्यांमध्ये आयुष्य गेलेला माणूस. मला जे एका नजरेत दिसलं ते त्यांना दिसलं नसेल?

१८ एप्रिल
रजिस्टर सरांपुढे ठेवलं. काकांचं नाव काढलं नाही.
"सर, काटा हलायला हवा होता."
"हो."
एवढंच. पान बघितलंसुद्धा नाही. मग म्हणाले, "लोक हसतच आले मला. आता पहिल्यांदा कोणी बघायला येतंय."
मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा सही नाकारली होती ना?"
"माझी ती गोष्ट किती वेळा ऐकलीस?"
"चारदा."
"दर वेळी सारखीच?"
"शब्दन् शब्द." बोलून गेले, आणि नजर रजिस्टरच्या त्या एकाच आकड्यावर गेली.
चष्मा पुसत बसले. शेवटी, "कर परत चाचणी. एक दिवस आहे तुझ्याकडे."

१९ एप्रिल
पहाटे सहाला मी स्वतः हवा भरली. उद्या सहाला, तितक्याच गारव्यात, काटा तिथेच हवा. दिवसभर समोर बसले. दुपारी चढला! काका चहा घेऊन आलेले, बघतच राहिले. "च्यायला, हलतो की हा." इतकी वर्षं मीटरशेजारी काढलेला माणूस.
सर दोनदा आले. जाताना माझ्याकडची गाळ्याची किल्ली घेऊन गेले.

२० एप्रिल
गाळ्यातच लिहितेय. सहाला दहा कमी. माझ्या आधी सर हजर. मीटरसमोर उभे, माझ्याकडे पाठ. इथून काटा दिसत नाही.
रजिस्टर उघडंच आहे. सहाचं रीडिंग भरलेलं. सरांचं अक्षर. कालच्या पहाटेचाच आकडा. असेलही बरोबर. आधीच बघितलं असेल त्यांनी. किंवा...
अहवाल माझ्या मांडीवर. काका दारात, हातातला चहा पीत नाहीत.
सहा वाजले. म्हटलं, "सर, जरा बाजूला होता का?"